रोजचे दही उरते; कढी आणि कोशिंबिरीपलीकडे त्याचे काय करावे?

आपण विचारले आहे की घरी लावलेले साधे दही रोज उरते, कढी, कोशिंबीर आणि दहीभात यांचा कंटाळा आला आहे, तर वेगळे काय करता येईल. मी फोंड्याला राहते आणि आमच्याकडे ही अडचण जरा अधिकच आहे. गोव्याच्या स्वयंपाकात आंबटपणाचे काम सोलांकडे (आमसुलांकडे) आणि चिंचेकडे, तर दाटपणाचे नारळाच्या रसाकडे. त्यात माशांबरोबर दही वर्ज्य मानणारी आमच्यासारखी घरे पुष्कळ असल्याने दह्याला सोमवारच्या शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणाची वाट पाहावी लागते आणि तोवर ते उकाड्याने आंबून जाते. म्हणून मी पदार्थ आधी ठरवत नाही. दही चाखून पाहते आणि मग ठरवते.

दही ताजे आणि गोडसर असेल तर ते चुलीवर चढवूच नये. ब्राह्मीची मूठभर पाने थोड्या तुपावर जिरे-मिऱ्यांसह परतून, निवल्यावर ओल्या खोबऱ्याबरोबर वाटावीत, दह्यात कालवावीत आणि वर फोडणी द्यावी. ही तंबळी भातावर घेतात. ब्राह्मी न मिळाल्यास ओव्याची पाने चालतात.

एका दिवसाचे दही मी पंच्यात बांधून रात्रभर नळाला टांगते. सकाळी मिळणाऱ्या चक्क्याचे श्रीखंडच व्हायला हवे असे नाही. मीठ, भरडलेली मिरी आणि बारीक चिरलेली हिरवी मिरची घालून तो आगशी या गोव्यातल्या गावच्या वांग्याच्या रव्यात घोळून तळलेल्या कापांवर ठेवावा. काप गरम आणि चक्का थंड असला पाहिजे, कारण दोन्ही कोमट झाले की मजा जाते. खाली निथळलेल्या पाण्यात पोळ्यांची कणीक भिजवावी.

खरी गंमत आंबट दह्याची आहे, आणि लोक नेमके तेच टाकून देतात. त्याचे ताक करून 2 वाट्या तांदूळ आणि चमचाभर मेथी 4 तास भिजत घालावी, नंतर अर्धी वाटी पोहे आणि तितकेच ओले खोबरे घालून त्याच ताकात गंधासारखे वाटावे. रात्रभर पीठ फुगू द्यावे, सकाळी त्यात गूळ, चिमूटभर हळद आणि मीठ घालून बिडाच्या तव्यावर जाडसर पोळे घालावेत. झाकण ठेवून एकाच बाजूने भाजायचे. वर जाळी पडून पिवळा रंग उतरला की सुरनोळी तयार. लोण्याचा गोळा त्या जाळीत विरघळताना पाहिला की दही आंबल्याचे दुःख उरत नाही. गुळामुळे तळ लवकर करपतो, म्हणून आच मंदच हवी.

दही शिजवायचेच असेल तर एक चूक टाळावी, जी मी लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात पाहुण्यांसमोर केली होती: भोपळ्याच्या उकळत्या रसात थंड दही ओतले आणि पातेल्यात पाणी व चोथा वेगळे झाले. आंबट दह्यातील प्रथिने आधीच घट्ट झालेली असतात. एकदम उष्णता लागली की ती आकसतात आणि पाणी सोडतात. दह्यात आधी चमचाभर बेसन किंवा तांदळाचे पीठ घुसळून, ते मंद आचेवर सतत ढवळत तापवले तर पिठातील पिष्ट त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही.

तरीही उरलेच, आणि दिवस एप्रिल-मेचे असतील, तर पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या, कामात ते खपवावे. मिरच्यांना उभी चीर देऊन मीठ घातलेल्या दह्यात रात्रभर बुडवाव्यात, दिवसा उन्हात वाळवाव्यात, संध्याकाळी पुन्हा त्याच दह्यात टाकाव्यात. सारे दही मिरच्यांनी पिऊन घेतले की त्या कडकडीत वाळवून बरणीत भराव्यात. जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बाजारात ताजे मासे कमी मिळतात. तेव्हा पेजेबरोबर तळलेल्या अशा दोन मिरच्या आमच्याकडे जेवणभर पुरतात.