प्रवेशाचे दिवस: नव्या ताईंसाठी

ताई, जूनमध्ये आपल्याकडे येणारी बरीच मुलं दाखल्याशिवाय येतात. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांच्या कामाला आलेल्या घरांतली, शाळा मधेच सुटलेली. त्यांना परत पाठवू नका. सहा ते चौदा वयाच्या मुलाला दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये तसं स्पष्ट आहे. मोठ्या मुलांसाठी १७ नंबरचा फॉर्म (बाहेरून दहावी-बारावीच्या परीक्षेला बसण्याचा) किंवा मुक्त विद्यालय. त्याची मुदत आधी वहीत लिहा. माझ्याकडून एकदा हुकली, एका मुलीचं वर्ष गेलं; अजून सलतं.

नाव नोंदवताना घरी न्यायला कोण येणार ते विचारा. मग मुलाला एकट्याला बाजूला घेऊन विचारा, ‘यांच्यासोबत जायला चालेल ना?’ उत्तराआधी तो घुटमळला तर तेही टिपून ठेवा.

कुणी लैंगिक त्रासाबद्दल सांगू लागलं, तर शांतपणे ऐका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र कधीच देऊ नका. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. मुलाचेच शब्द लिहा, उलटतपासणी करू नका, संस्थेचं नाव जाईल म्हणून थांबू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर प्रत्येक वर्गात मोठ्या अक्षरात लावा.

पावसाळ्याचंही सांगते. नाशिकच्या गोदाकाठी दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे, पुराची खूण तीच; गोदेचं पाणी तिला चढू लागलं की पंचवटीकडची मुलं लवकर सोडतो. पण घरच्यांशी फोनवर बोलल्याशिवाय एकालाही नाही. फोन लागला नाही तर आपण थांबायचं.