लागोसचा पक्ष का उभा राहिला, का ओसरला?

प्रश्न : नायजेरियातला पहिला राजकीय पक्ष कोणता?

नायजेरियन नॅशनल डेमोक्रॅटिक पार्टी. राष्ट्रवादी नेते हर्बर्ट मॅकॉले यांनी २४ जून १९२३ रोजी लागोसमध्ये तो काढला. देशावर ब्रिटिशांचं राज्य होतं. आदल्या वर्षीच्या राज्यघटनेने कायदेमंडळात निवडून द्यायच्या जागा ठेवल्या त्या अवघ्या चार : तीन लागोसला, एक कलबार या शहराला. मत कुणाला? वर्षाला १०० पौंड मिळकत असलेल्या पुरुषांना. लागोसच्या तिन्ही जागा १९२३, १९२८ आणि १९३३ मध्ये याच पक्षाने जिंकल्या.

प्रश्न : मतदार इतके थोडे, मग पक्षाच्या मागे एवढी माणसं कुठून आली?

पक्षाचा खरा जीव इथेच होता. सरकारने लागोसमधल्या अपापाची जमीन घेतली तेव्हा तिथल्या ओलुवा या सरदाराने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागितली. मुंबई इलाख्यातल्या खटल्यांचाही शेवटचा निकाल तिथेच लागे. १९२० मध्ये मॅकॉले त्याच्यासोबत लंडनला गेले, ते लागोसच्या राजाचा, म्हणजे एलेकोचा, राजदंड हातात घेऊन. सरकारचा तिळपापड झाला. मॅकॉलेंशी आपला संबंध नाही अशी गावभर दवंडी पिटा, असं एलेकोला फर्मावलं गेलं. एलेको एशुगबायी यांनी दवंडी पिटली नाही. १९२१ मध्ये ओलुवा खटला जिंकला, पण १९२५ मध्ये एलेकोंना पदच्युत करून ओयोला हद्दपार केलं. हा अपमान शहराने आपला मानला. अलिमोटु पेलेवुरा यांच्यासारख्या बाजारातल्या बायका मॅकॉलेंच्या पाठीशी ठाम राहिल्या. त्यांना मताचा अधिकार नव्हता, तरी पक्षाचा आवाज त्यांच्यामुळे बाजारपेठेत घुमला. केवळ जागा मोजून या पक्षाचं मोल ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रश्न : मॅकॉले स्वतः निवडून आले होते का?

नाही. दोन खटल्यांत शिक्षा झाल्याने त्यांना उभं राहता येत नव्हतं.

प्रश्न : मग पक्ष मागे का पडला?

एक कारण म्हणजे त्याचं यशच. १९३१ मध्ये एलेकोंच्या हद्दपारीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलचा निकाल लागला, ते परतले, पुढच्या वर्षी वारले. ज्या लढ्याने माणसं जोडली तो संपला. दुसरं, नावात ‘नॅशनल’ असूनही पक्षाने लागोसची वेस फारशी ओलांडली नाही. तिकडे लागोसच्या याबा भागातल्या नव्या कॉलेजात शिकून पुरी पदवी नाही, साहाय्यकाचीच नोकरी मिळणार, म्हणून तरुण चिडले होते. १९३४ मध्ये त्यांनी वेगळी संघटना काढली. तीच पुढे नायजेरियन यूथ मूव्हमेंट झाली आणि १९३८ मध्ये लागोसच्या तिन्ही जागा तिने घेतल्या. राजघराण्याचा मान राखणारा पक्ष या मुलांच्या पोटापाण्याच्या प्रश्नाशी भिडला नाही, ही त्याची मोठी चूक.

१९४४ मध्ये राष्ट्रवादी नेते अझिकिवे यांच्यासोबत नवी देशव्यापी आघाडी उभी राहिली, तेव्हा अध्यक्ष मॅकॉलेच झाले. ऐंशी ओलांडलेला हा माणूस १९४६ मध्ये तिच्या दौऱ्यावर निघाला, कानोत आजारी पडला आणि ७ मे रोजी लागोसमध्ये वारला.

प्रश्न : १९६४ मध्ये याच नावाचा पक्ष दिसतो, तो हाच का?

नाही. तो अकिंतोला या पुढाऱ्याचा, पश्चिम प्रांतातला. नाव तेवढं सारखं.