अपघटन म्हणजे घट नव्हे

नाशिकरोडच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: 'ओझोनचे प्रकाश-अपघटन' म्हणजे उन्हाने ओझोन घटणं, असं वर्गात सांगितलं तर चालेल का?

नाही चालणार. 'अपघटन' दिसलं की 'घट' म्हणून मोकळं व्हायचं, हे ऐकून कान किटले. 'ओझोन'चं मूळ ग्रीक 'वास येणे', ते कुठेही सापडेल. खरी गंमत 'घट्' धातूत आहे. संस्कृत 'घटते'चं प्राकृतात 'घडइ' आणि मराठीत 'घडणे' झालं. सराफ घेतो ती घडणावळ यातलीच. 'विघटते'चं झालं 'बिघडते'. म्हणजे भारदस्त विघटन आणि मोटारीचा बिघाड ही सख्खी भावंडं! अपघटन त्याच घरातलं: घडलेलं सुटं होणं, इथे प्रकाशाने.

मराठी विश्वकोशाने विजेने संयुग सुटं करण्याला 'विद्युत् विच्छेदन' वापरलं, म्हणून काही जण इथेही 'प्रकाश-विच्छेदन' रेटतात. छिद् म्हणजे कापणे. ते शवागारात ठीक आहे.

मला विचाराल तर नेमका शब्द 'घडामोड'. वर्तमानपत्रांनी तो पार झिजवलाय, पण ओझोनला तो अक्षरशः लागू पडतो. अतिनील किरणाने ओझोनचा रेणू मोडतो, ऑक्सिजनचा एक अणू सुटतो. तो हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूला जुळला की पुन्हा ओझोन घडतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ सिडनी चॅपमन यांनी १९३० मध्ये मांडलेल्या चक्रात हेच आहे. नुसत्या मोडण्याने साठा कमी होत नाही, तो या जुळण्याने भरून येतो. मात्र सुमारे ३२० नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीच्या किरणाने सुटलेला अणू बहुधा जास्त ऊर्जेचा असतो. तो बाष्पाला भिडला तर हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या एकेका अणूची जोडी) तयार होतं, आणि तो अणू काही ओझोनकडे परतत नाही.

मोडण्याचा दर काढायचा तर प्रत्येक तरंगलांबीला प्रकाश किती, ओझोन तो शोषतो किती आणि शोषल्यावर मोडतो कितपत, यांचा गुणाकार करून सगळ्यांची बेरीज घ्यायची. प्रकाश चहूबाजूंचा धरायचा, ढगांवरून आणि जमिनीवरून उलटलेलासुद्धा. म्हणून तो टिपणाऱ्या उपकरणाचं तोंड सपाट नसतं, घुमटाकार असतं. नाशिकला मेच्या आणि जुलैच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावरच असतो. गणिताला कोन तोच मिळतो, पण जुलैत मध्ये ढग येतात, आणि गणित चुकतं ते बहुतेक तिथेच.

बाईंनी फळ्यावर 'अपघटन' लिहावं, तोंडाने 'मोडणं' म्हणावं. 'घटणं' पुसून टाकावं.