वाट बघणारा माणूस आधी शोध

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा आलास, चहा गार होऊ दिलास आणि तेच तेच सांगत राहिलास. तुझ्या शाळेने बडोद्याच्या कमाटीबागेत ठेवलेल्या सफाईला पहिल्या रविवारी मुलांची झुंबड, पुढे बोटांवर मोजण्याइतकीच मुलं, आणि आईवडिलांचा एकच प्रश्न: सर्टिफिकेट कधी मिळणार? निघताना विचारलंस की यासाठी गुण ठेवावेत का. तेव्हा मी बोलले नाही, आवाज चढला असता. आता लिहिते. गुण ठेवू नकोस.

बागेला महापालिकेचे कामगार आहेत. तुझी मुलं आली नाहीत म्हणून सोमवारी तिथे कुणाचं अडलं? मुलांना हे पहिल्याच दिवशी कळतं. हातमोजे घालून फोटो निघाला की काम संपलं, हे त्यांनी अचूक ओळखलं. त्यांच्यावर कशाला चिडतोस? ज्याची कुणीतरी वाट बघत असेल असं काम दे. माझं म्हणणं एवढंच आहे आणि तुला पटेपर्यंत मी ते सांगत राहणार आहे.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी घरांत शिरली, ते दिवस आठव. तळमजल्यावर एकटी राहणारी म्हातारी माणसं, वीज गेलेली, फोन बंद पडलेला, मुलगा कॅनडात. वरच्या मजल्यावर भरलं घर असतं, पण खालच्या आजींना रक्तदाबाची कुठली गोळी लागते हे त्या घरात कुणालाच ठाऊक नसतं. तुझं काम इथे आहे. पावसाळ्याआधी एकेका कुटुंबाला शेजारचं असं एकेक माणूस जोडून दे. मुलाने जाऊन गोळ्यांची नावं, डॉक्टरांचा आणि नातेवाइकांचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहायचा. एक कागद आजींच्या भिंतीवर, एक स्वतःच्या घरी. वडिलांनी कागदपत्रांची पेटी माळ्यावर चढवून द्यायची. मग आठवड्यातून एकदा जायचं, ठरल्या वारी, ठरल्या वेळी. नदीवरच्या काळ्या घोड्याच्या पुलापाशी पाणी चढू लागलं की कुटुंबाने पहिली चौकशी त्या घराची करायची. आणि एक अट आधीच पक्की कर: मूल कोणत्याही कारणाने पाण्यात उतरणार नाही. पुराबरोबर मगरी सोसायट्यांत येतात, हे बडोद्याच्या माणसाला मी काय सांगू.

यात दोन तास भरल्याची नोंद नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत कॉलेजातली मुलं दोन वर्षांत २४० तास भरतात. मोठ्यांना तो हिशेब चालतो. दहा वर्षांच्या मुलाला तास कळत नाहीत, ‘बुधवारी का नाही आलास रे?’ हे बरोबर कळतं. तू म्हणालास, सहावी ते आठवीच्या दहा दप्तराविना दिवसांपैकी एक यासाठी वापरू. वापर की. ओळख करून द्यायला तो दिवस छान आहे. पण पुढचे बुधवार घरातून निघाले पाहिजेत.

घर म्हटलं की तुम्ही सगळे आईला गाठता, याचा मला फार राग येतो. पालकांचा सहभाग म्हणायचं आणि तिच्या ओट्यावर आणखी चार डबे ठेवायचे! माझ्या वेळी आम्ही सयाजी रुग्णालयात छोटा उदेपूरकडून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना भाकरी-भाजी पोचवायचो. डबा घेऊन मुलाबरोबर वडीलच येतील, असा माझा हट्ट होता. मला आखडू म्हणाले, दुकानं कोण उघडणार म्हणाले. मी हटले नाही. आजही हटणार नाही. बाप वॉर्डाबाहेर परक्या माणसाशेजारी जमिनीवर बसलेला मुलाने पाहिला पाहिजे. तो पाहिल्यावर मला भाषण द्यावं लागलं नाही.

सयाजीराव महाराजांनी १९०६मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत आलं नाही तर दंड बापाला होता. मुलाला गाठायचं तर घराला गाठावं लागतं, हे त्यांना कळलेलं होतं. आपण मात्र मुलाच्या हातात सूचनेची चिठ्ठी देतो आणि घराला कळवलं असं समजतो. तू एकेका घरी जा. संध्याकाळी सातनंतर जा, दोघं घरी असताना.

आता जे मला अजून टोचतं ते. आमची पोळीतली, म्हणजे गल्लीतली, वाचनाची फेरी चांगली चालली होती. मोतीबिंदू झालेल्या एका आजोबांना सातवीतला एक मुलगा रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. शाळेने एक दिवस ते बंद केलं. कारण दिलं जोखमीचं, तेही तोंडी. मी भांडले. पुष्कळ जण म्हणाले की मी उगाच ताणलं, पण मला तसं आजही वाटत नाही. मुलाचं वाचन थांबलं, तेवढं भरून निघालं असतं. आजोबा मात्र कितीतरी दिवस त्या वेळी चष्मा लावून ओसरीवर बसायचे. दिसत नव्हतं तरी चष्मा लावून. वाट बघणारा माणूस जोडला की शाळेच्या सोयीने त्याला सोडता येत नाही, हे मुख्याध्यापकांना समजावता आलं नाही याची खंत आहे.

म्हणून सुट्टीचं आधी ठरव. मे महिन्यात कुटुंब गावी गेलं तर बदली कोण जाणार, हे जोडणी करतानाच त्याच कागदावर लिही. वाट बघणाऱ्या एकेका माणसामागे दोन कुटुंबं ठेवलीस तर हे सहज जमेल. चाळीस घरांच्या मागे लागू नकोस. दांडिया बाजारातली सहा घरं घे, सहाही घरांतल्या वडिलांशी बोल आणि रविवारी यादी घेऊन ये. आजी-आजोबांची नावं वर आणि मुलांची खाली, अशी लिही. गुणांचा रकाना दिसला तर मी यादी वाचणार नाही.

तुझी,
काकू