कारकीर्द पेशव्यांची, मग नटीची का नाही?

प्रभात रस्त्याजवळ राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. वाचनमंडळासाठी त्यांनी दुर्गा खोटे यांच्यावर टिपण लिहिलं, त्यात 'दुर्गाबाईंची प्रदीर्घ कारकीर्द' असे शब्द होते. एका मैत्रिणीने हरकत घेतली : कारकीर्द असते ती राजाची, पेशव्यांची, फार तर मंत्र्याची, नटीला हा शब्द कसा लावायचा? दुसरीने 'की' खोडून ऱ्हस्व केली.

ताई, शब्द बदलू नका. 'की'चं थोडं पुढे सांगते.

कारकीर्द हा शब्द फारसीतून आला. कार म्हणजे काम, कर्द म्हणजे केलेलं. आपल्याकडे तो दरबाराच्या आणि दफ्तराच्या वाटेने आला, त्यामुळे त्याला सत्तेचा वास लागला. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही कारभाराचा, अधिकाराचा काळ हाच अर्थ आहे. 'थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत' हे शब्द पुण्यात वाढलेल्या माणसाच्या कानात लहानपणापासून बसलेले असतात, म्हणून तुमच्या मैत्रिणीला अडखळल्यासारखं झालं असणार. पण फोड पाहिली तर त्यात ना गादी आहे, ना मसनद. आहे ते फक्त केलेलं काम. दुकानदाराची कीर्द-खतावणी आठवा. त्यातली कीर्द म्हणजे रोजच्या व्यवहाराची रोज केलेली नोंद. तीही याच कुळातली.

आता दुर्गाबाईंची कीर्द मांडून पाहा. १९३१ साली एका बोलपटात छोटं काम. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'त तारामती. तेव्हा प्रभात कोल्हापुरात होती. पुढच्याच वर्षी कंपनी पुण्यात आली, आणि १९३६ च्या 'अमरज्योती'त दुर्गाबाई सौदामिनी झाल्या, जहाजावरची बंडखोर स्त्री. ज्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तोच प्रभातचा स्टुडिओ. तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर! १९६० मध्ये त्या 'मुघल-ए-आझम'मधल्या जोधाबाई झाल्या, १९८० पर्यंत पडद्यावर दिसत राहिल्या आणि १९८३ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. सिनेमाच्या जोडीने नाटक होतंच. 'भाऊबंदकी'त त्यांनी राघोबादादांची बायको आनंदीबाई उभी केली. इथे मला थांबावंसं वाटतं. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला आणि राघोबादादा पेशवे झाले. ती पेशवाई वर्षभरही धड टिकली नाही. तिला आपण बिनदिक्कत कारकीर्द म्हणतो. मग त्याच घरातली आनंदीबाई रंगमंचावर आणणाऱ्या, जवळजवळ पन्नास वर्षं काम करणाऱ्या बाईला तो शब्द नाकारायचा?

'करिअर' लिहा असंही कोणी सुचवेल. तो शब्द मराठीत रुळला आहे, माझा त्याला विरोध नाही, पण त्याची नजर पुढे असते. 'मुलीला नाटकात करिअर करायचंय' हे सहज येतं. 'कारकीर्द करायचीय' असं कोणी म्हणत नाही. कारकीर्द करायची नसते, ती घडते, गाजते, बहरते, आणि झाल्यावर मागे वळून पाहायची असते. दुर्गाबाईंच्या बाबतीत आपण मागे वळूनच पाहतो आहोत. 'वाटचाल' चालेल, जरा मिळमिळीत आहे इतकंच. 'सारी हयात रंगभूमीवर गेली' हे मला फार आवडतं, पण ते सिनेमाला लागू पडत नाही.

राहिली 'की'. मूळ रूप कारकीर्द, की दीर्घ. विभक्ती लागली की ती ऱ्हस्व होते : कारकिर्दीत, कारकिर्दीचा. गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला, तसंच. 'कारकिर्दीत' सारखं वाचनात येतं, त्यावरून उलट 'कारकिर्द' लिहिलं जातं, चूक तिथून शिरते. काही जण या शब्दाचा कीर्तीशी संबंध जोडतात, तो नाही. कीर्ती संस्कृत, म्हणून 'कीर्तीचा'मध्येही की दीर्घच राहते.

तेव्हा टिपण एकदा नीट तपासा. 'दुर्गाबाईंची कारकीर्द' इथे तुमची की परत आणा. पण 'कारकिर्दीची सुरुवात १९३१ साली झाली' असं वाक्य कुठे असेल, तर तिथे मैत्रिणीने केलेली ऱ्हस्व कि तशीच राहू द्या.