वाचक विचारतात : दलदलीतला साप आणि आपला दिवड

प्रश्न : श्रीलंकेच्या सहलीत भातखाचराजवळच्या दलदलीत एक साप दिसला. मानेकडे मोठे काळे डाग, बाकी थेट आमच्या मळ्यातल्या दिवडासारखा. ‘फक्त आमच्याकडेच सापडतो, बिनविषारी आहे,’ असं वाटाड्या म्हणाला. दोन्ही एकच का? पाण्यातले साप बिनविषारीच असतात का? आमच्या माशांच्या जाळ्यात पावसाळ्यात दिवड अडकतो, त्याचं काय करावं?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : डागांवरून तो फाउलिया अ‍ॅस्पेरिमस (हे त्याचं शास्त्रीय नाव) असावा. प्राणिशास्त्रज्ञ बूलेंजर यांनी १८९१मध्ये त्याचं वर्णन केलं. तो मूळचा श्रीलंकेचाच. आपला दिवड म्हणजे फाउलिया पिस्केटर. म्हणजे दोघांची प्रजाती (फाउलिया) एक, जात वेगळी. डोळ्याकडून ओठावर उतरणाऱ्या तिरक्या काळ्या रेषा दोघांनाही असतात. दिवडाच्या अंगभर चौकटींची नक्षी दिसते. श्रीलंकेतल्या सापाचे डाग पुढच्या भागात ठळक आणि सुटे, शेपटीकडे पुसट.

पाण्यातला म्हणजे बिनविषारी, हे मात्र मनातून काढून टाका. रापणीत येणारे समुद्रसाप जहाल विषारी असतात. शेपूट दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी, ही त्यांची खूण. भाताच्या बांधावर उंदरांमागे घोणसही येते. तिच्या पाठीवर साखळीसारखे ठिपके तीन ओळींत असतात, डोकं तिकोनी, शेपूट आखूड. उलट दिवड चिडला की मान पसरतो आणि बिचारा नाग समजून मारला जातो.

दिवड चावरा आहे आणि जखमेतून रक्तही बरंच येतं. साबण-पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने दाबून धरा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. पण ओळख पक्की नसेल तर आवळपट्टी न बांधता, जखम न कापता थेट रुग्णालय गाठा. रक्त आलं म्हणजे घोणस, असं नाही. तिथे २ मिलिलिटर रक्त काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा संशय घेतात. गोठलं तरी डॉक्टर सोडत नाहीत तोवर घरी येऊ नका.

आता जाळं. साप मागे ओढू नका. खवल्यांची टोकं शेपटीकडे असतात, त्यामुळे मागे ओढलं की नायलॉनचा धागा त्यांच्याखाली शिरून कातडी फाडतो. शेपटीला धरून हिसकलं तर दिवडाची शेपूट तुटते आणि ती पुन्हा येत नाही. जाळ्याचा तेवढा भाग कापून सापासकट बादलीत ठेवा, वर ओलं पोतं टाका आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर किंवा जवळच्या सर्पमित्राला फोन करा. धागे त्यांनाच कापू द्या, बोथट टोकाच्या कात्रीने, एकेक करून.

दिवड हवेतच श्वास घेतो. पाण्याखाली अडकला की गुदमरतो. म्हणून सापळ्याचा वरचा हातभर भाग पाण्याबाहेर राहील असा लावा आणि जाळं रात्रभर सोडू नका.