वर्गासाठी स्वतः व्हिडिओ बनवायचे आहेत, शिक्षकाने सुरुवात कशी करावी?
कॅमेरा घेऊ नका, हातातला फोन पुरे. पैसे घालायचेच असतील तर कॉलरला लावायच्या माइकवर घाला. चित्र थोडं धूसर असलं तर मुलं चालवून घेतात, आवाज घुमला की मागचा बाक गप्पांना लागतो. पंखा बंद करून रेकॉर्ड करा.

भूमिती, व्याकरण, नकाशे यांत तुमचा चेहरा दिसायची गरजच नाही. पुस्तकांच्या दोन चळतींवर फोन आडवा टेकवा, कॅमेरा खाली, आणि कागदावर लिहीत बोला. पीपीटी असेल तर संगणकाचा पडदा रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ, काटछाटीला शॉटकट; दोन्ही सॉफ्टवेअर फुकट.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवतात. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत चित्र आणि बोलणं एवढंच ठेवल्यावर विद्यार्थी जास्त शिकले. तेच शब्द पडद्यावरही टाकले की कमी. पार्श्वसंगीतही काढाच (कितीही मोह झाला तरी). एका व्हिडिओत एकच संकल्पना, म्हणजे दशांश अपूर्णांकांचा गुणाकार तर फक्त तेवढाच.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणार असाल तर व्हिडिओचं रिझोल्यूशन ७२०पी ठेवा, घरोघरी डेटा मोजूनच वापरतात.